तर्जुम्याखालचं नाव

"ऊठ. ह्या खुर्च्या वकिलांच्या हायेत."

साहेबांचा मुनशी सगळ्यांदेखत म्हणाला. मी उठले. आमचे वकीलसाहेब त्या आठवड्यात महापौर झाले होते. त्यांच्या सत्काराला मी इस्त्रीची साडी नेसून फुलंब्रीहून शहरात आले होते. साहेबांनी मंचावरून माझ्याकडं पाहिलं. मग हारांकडं पाहिलं.

मी मागे भिंतीपाशी उभी राहिले.

साहेबांनी कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली टेबल टाकून वकिली सुरू केली होती. नाव झालं ते जमिनीच्या जुन्या दाव्यांत. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीचे, चाळीसेक वर्षांपूर्वीचे कागद उर्दूत असत. साहेबांना उर्दू येत नव्हतं. मला येत होतं. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत होती. आमच्या जातीला आत बसू देत नसत म्हणून बाबा वर्गाच्या उंबऱ्याबाहेर बसून चार इयत्ता शिकले. ती लिपी त्यांनी मला दिली.

घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. वकिली शिकायला लागल्यापासून साहेबांकडं कागद वाचत होते. आत ऑफिसात नाही. ओसरीत, अशिलांच्या चपलांशेजारी, सतरंजीवर. जुन्या कागदांची धूळ होते, हे कारण. मराठी तर्जुमा मी करायची, खाली नाव साहेबांच्या ज्युनिअर वकिलाचं पडायचं. साहेब म्हणायचे, "सनद मिळू दे पोरी, तुझी खुर्ची आतच." त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं काढली.

सत्कारात साहेब माईकवर म्हणाले, "लोक विचारतात, जुने दावे कसे जिंकलात? अहो, उर्दू शिकलो. एकेक कागद स्वतः वाचला!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हे लिहिताना लाज वाटते. पण वाजवल्या.

परतीच्या बसमध्ये तेच हात मांडीवर घेऊन बसले. सांगावं असं कुणी नव्हतं. वर्गातल्या मुलींना काय सांगणार? घरी काय सांगणार?

चार दिवसांनी मुनशीनं बोलावलं. हर्सूलकडच्या जमिनीचा कागद होता. सतरंजी अंथरलेली होती. मी ती ओलांडून आत गेले.

"साहेब, वाचते. पण खुर्चीवर बसून. आणि तर्जुम्याखाली नाव माझं."

साहेब हसले. "अगं, तू तर घरचीच. घरच्यांचं नाव कशाला?"

"घरची असते तर त्या दिवशी उठवलं नसतं."

"लई बोलाया लागली की उर्दूवाली!" मुनशी म्हणाला.

साहेबांचं हसू गेलं. "विचार कर. उद्या सनद घेऊन आलीस, तर ह्या शहरात तुला कोण उभं करील?"

न वाचलेला कागद मी त्यांच्या टेबलावर ठेवला आणि निघाले.

बाबांना सांगितलं. ते समजून घेतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "खुर्चीपायी काम सोडलंस? म्या उंबऱ्याबाहेर बसूनच शिकलो की."

"म्हणूनच, बाबा."



सनद मी घेणारच. लिंबाखाली अजून जागा आहे. तिथं माझं टेबल मांडीन. खुर्च्या दोन असतील. एक माझी, एक येणाऱ्याची, मग तो कुणीही असो. सतरंजी नसेल. आणि प्रत्येक तर्जुम्याखाली माझं पूर्ण नाव असेल, बाबांच्या नावासकट.