डब्यातला खबूस

नव्वद साली इराकनं कुवेत घेतलं तेव्हा सौदीत, रियाधमधल्या आमच्या कॉलेजला व्हॉलीबॉलचं वेड लागलं होतं. मुदीर, म्हणजे आमचे संचालक, यांना देशातला पहिल्या नंबरचा संघ हवा होता आणि तो घडवत होता रत्नागिरीकडचा एक कोच. फुटबॉलवेड्या पोरांना त्यानं जाळ्याशी उडी मारायला शिकवलं होतं. मी क्रीडा विभागाचं ऑफिस सांभाळायचो. युद्धाची भाषा सुरू झाली तशी मुदीरनी मला बजावलं, "कोच गेला की टीम खलास. त्याला धरून ठेव."

मी धरून ठेवलं. त्याची बायको आणि लहान मुलगी इथंच होत्या. त्यांना घेऊन गावी जावं, असं तो रोज म्हणायचा. मी म्हणायचो, "भाई, इथं काही होत नाही. आम्ही नाही का राहिलो?"

तेव्हा माझी बायको आणि मुलं पुण्याला पोचलीसुद्धा होती. मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुपारी आम्ही जिमच्या पायऱ्यांवर डबे उघडायचो. एकदा त्यानं माझ्या डब्यातला खबूस, बेकरीतली ती जाड रोटी, उचलून पाहिला.

"दादा, वहिनी कधी गेल्या?"

"कोण म्हणालं?"

"कोण कशाला म्हणायला हवं? वहिनींच्या घडीच्या पोळ्या गेल्या महिन्यापासून बंद. आणि ही खारट भाजी काय त्यांच्या हातची?"

तो हसला. मला मान वर करवेना.

"मग इतके दिवस गप्प का राहिलास?"

"वाटलं, तुम्हीच सांगाल." त्यानं आपल्या डब्यातल्या तांदळाच्या भाकऱ्या माझ्याकडे सरकवल्या. "बायकोनं जास्तीच्या दिल्यात. दादा एकटे आहेत म्हणाली."

मी डबा तसाच ठेवून मुदीरकडे गेलो आणि कोच, त्याची बायको आणि मुलगी अशा तिघांना जाऊन परत यायची परवानगी मागितली; कॉलेजच्या सहीशिवाय देश सोडता येत नसे.

"परत येईल, याची हमी देतोस?"

"नाही. पण मी माझी माणसं पाठवलीत. त्याला कुठल्या तोंडानं थांबवू?"

मुदीर बॉम्बच्या धक्क्यानं फुटू नये म्हणून खिडकीच्या काचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांकडे पाहत राहिले. मग त्यांनी सही केली.

विमानतळावर मी त्याच्या मुलीला कडेवर घेऊन रांगेच्या टोकापर्यंत गेलो. 'परत ये' म्हणालो नाही.

मग हल्ल्याचे भोंगे वाजले, कॉलेज बंद झालं. युद्ध संपून पोरं परतली, तर जाळं सैल पडलेलं. ती आपापसात भांडत खेळायची आणि मला विचारायची, कोच कधी येणार? मी ऑफिसात जाऊन बसायचो.

एका दुपारी जिममधून ओळखीची शिट्टी ऐकू आली. तो मैदानात उभा होता, पोरांवर ओरडत.

जेवायला आम्ही पुन्हा पायऱ्यांवर बसलो. "आलास कसा, भाई?"

"तुम्ही थांबवलं असतंत तर इथं राहूनही मनातनं कायमचा गेलो असतो," तो म्हणाला आणि फडक्यातल्या भाकऱ्या सोडल्या. "बायकोनं दिल्यात. विमानात कडक झाल्या."

मी त्याला माझी भाजी वाढली. त्यानं चाखली.

"दादा, अजून खारटच."