दुसरा पट्टा कुठून सुरू होतो

मीटिंग चार दिवसांवर आली होती आणि पालमला सात नंबर नापास झाला होता.

सात नंबर म्हणजे रब्बी ज्वारीचं एक नवं वाण. त्याला अजून नावही मिळालेलं नव्हतं. आमच्या परभणीच्या केंद्राचे प्रमुख देशमुख सर कित्येक वर्षं त्याच्यामागे खपत होते. वाण पोखर्णीत पहिलं आलं, पूर्णेला पहिलं आलं आणि पालमला बारापैकी अकरावं. तिन्ही ठिकाणी टिकल्याशिवाय वाण पुढे जात नसे. मीटिंगमध्ये हा तक्ता मांडला की सात नंबर कायमचा बाद.

मी केंद्रात सांख्यिकी सहायक होतो. म्हणजे शेतातले आकडे गोळा करून कॉम्प्युटरला भरवणारा माणूस. नामांतराचे दिवस होते ते. अख्ख्या केंद्रात एकच कॉम्प्युटर आणि तो चालवता येणारा मी एकटा. चपला बाहेर काढून त्या खोलीत मी शिरायचो तो जवळपास पुजाऱ्याच्या थाटात. माझी चूक पकडणारं कुणी नव्हतं, यालाच मी माझी हुशारी समजत होतो.

“पालमलाच असं का झालं?” सरांनी विचारलं.

“बघतो, सर.”

बघितलं काहीच नाही. खुर्चीत बसून दोन परिच्छेद लिहिले. पालमची जमीन हलकी, ओल लवकर उडते, सात नंबरच्या मुळ्या उथळ, म्हणून दाणा भरत नाही. सरांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “पटतंय.” त्यांचा चेहरा पार उतरला होता. मला वाईट वाटलं. पण खरं सांगतो, स्वतःच्या लिखाणाचं कौतुक त्याहून जास्त वाटलं.

“गेल्या वर्षी पालमला काय होतं? तेवढं काढून द्या.”

इथे माझी फे फे उडाली. त्या काळी फाईलचं नाव आठ अक्षरांत बसवावं लागे. फ्लॉपीवर पालमच्या तीन फायली निघाल्या. इंग्रजी अक्षरांत मी त्यांची नावं ठेवली होती ‘बरोबर’, ‘बरोबर२’ आणि ‘खरं’. तिन्हींतले आकडे वेगळे. कुठल्या फाईलमध्ये काय दुरुस्त केलं, कधी केलं, कशासाठी केलं, याचा कुठे कागद नव्हता. एवढं कोण विसरतं, असं तेव्हा वाटलं होतं. मी विसरतो.

वजनांच्या मूळ वह्या पालमच्या प्लॉटवर वाघमारे मामांकडे होत्या. मामा तिथले फील्डमन. पेरणी, राखण, वजनं, सगळं तेच बघत. मी त्या प्लॉटवर वर्षभरात एकदाही गेलो नव्हतो. दौऱ्याच्या ठरल्या दिवशी बंद होता, एसटी सुटल्या नव्हत्या. बंद एक दिवसाचा होता, ते कारण मी वर्षभर पुरवलं.

आता मात्र पहिल्या एसटीने गेलो. रानात पाय ठेवला आणि खाली बघितलं. जमीन काळी कुळकुळीत, भेगेत हात जाईल अशी.

“मामा, ही हलकी जमीन ना?”

“हलकी? सायब, हे भारी रान हाय. हलकी मनून कुनी सांगितलं तुमाला?”

कुणी सांगितलं ते मी सांगितलं नाही. सात नंबर अकरावा आलाय, एवढंच म्हणालो. मामा तडकलेच.

“सातची कणसं मह्या हातानं तोडलीत मी. लय भरली हुती. तुमच्या मशिनीला काय कळायलंय?”

थोडं समजावून सांगतो. शेताचे चार पट्टे पाडलेले. प्रत्येक पट्ट्यात बारा प्लॉट, प्रत्येक प्लॉटमध्ये एक वाण, आणि त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. कुठे कुठलं वाण, याचा नकाशा ऑफिसात. पोखर्णी आणि पूर्णेची माणसं वजनासमोर वाणाचा नंबर लिहीत. मामा नुसती वजनं लिहीत, ओळीने. नकाशा बघून नंबर लावायचं काम माझं.

“वजनं कशी घेतली? जरा चालून दाखवता?”

मामा पहिल्या पट्ट्याच्या डाव्या टोकापासून निघाले. उजव्या टोकाला पोचले, वळले आणि दुसरा पट्टा तिकडूनच मोजत इकडे यायला लागले.

“थांबा! दुसरा पट्टा तिकडून?”

“मंग? काटा खांद्यावर घिऊन मोकळंच माघारी यावं का? औत कदी मोकळं माघारी येतंय का, सायब?”

मी टेबलाशी बसून चारही पट्टे डावीकडून मांडले होते, वहीत ओळी लिहाव्यात तसे. दुसरा आणि चौथा पट्टा साफ उलटा. सात नंबरची वजनं भलत्याच वाणाच्या नावावर गेली होती. मी बांधावरच बसलो.

“मामा, हे लिहून का नाही ठेवलं?”

“तुमी इचारलं न्हाई. आन् तुमी कुठून मोजायलाव, ते तरी कुठं लिवलंय?”

मामांनी पाणी दिलं, ते प्यालो.

दुसऱ्या दिवशी पट्टे सरळ केले. सात नंबर पालमला तिसरा आला. कागद घेऊन सरांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं.

“आणि ती हलकी जमीन? उथळ मुळ्या?”

“ते माझ्या मनाचं होतं, सर.”

सरांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “आकड्यावर माझा विश्वास बसत नव्हता. तुमचं कारण वाचलं आणि बसला.”

शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मला मनापासून लाज वाटली. आकडा चुकला तर कुणी ना कुणी हटकतं, कारण झकास लिहिलं की कुणीच हटकत नाही, हे त्या दिवशी कळलं.

सात नंबर मीटिंगमध्ये टिकला. पुढे त्याला नावही मिळालं. मी दोनशे पानी वही घातली. कुठली फाईल कधीची, त्यात काय बदललं, का बदललं, वजन कुणी घेतलं, कुठून कुठे चालत घेतलं, सगळ्याला रकाने आखले. सर ती वही पाहुण्यांना दाखवत, तेव्हा मी नम्रपणे खिडकीबाहेर बघत असे.

मी रिटायर झाल्यावर माझ्या जागी आलेल्या मॅडमचा एकदा फोन आला. जुने आकडे एकत्र करत होत्या.

“सर, तुमच्या वहीचा फार उपयोग होतोय. एकाच ठिकाणी अडलंय. पालमला एका वर्षी ‘वजन कुठून कुठे’ या रकान्यात तुम्ही ‘नेहमीप्रमाणे’ असं लिहिलंय. म्हणजे कसं?”

मला आठवेना. मामा जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. एक झकास कारण मात्र लगेच सुचलं, अगदी पटेल असं. ते गिळलं आणि म्हणालो, “माहीत नाही, मॅडम. पालमचं ते वर्ष सोडून द्या.”