जीपीएस कपाटात, गाडी गायब

हसायचं असेल तं आधी हसून घ्या, मग माझं काम ऐका.

नागझिऱ्याच्या गेटाजवळ माझी कॅराव्हॅन उभी राहते. तिच्यातच मी चहा-पोहे विकते. कोणी ओढून नेऊ नये म्हणून मागच्या महिन्यात तिच्यात बॅटरीवाला जीपीएसचा डब्बा लावला. गाडी कुठं आहे ते मोबाईलवर दिसते.

आज सकाळी गेली तं जागा रिकामी. चाकाखालच्या विटा तेवढ्या पडून होत्या. मोबाईल पाहिला तं गाडी आमच्या घरी दाखवे. म्हटलं, ह्यांनीच ट्रॅक्टरनं ओढून नेली असन. जिवात जीव आला.

घरी आली तं आंगणात गाडी नाई. आमचे हे आरामात दात घासून राहिले.

"गाडी कुठं आहे?"

"तिथंच असन. कुठं जाते?"

"मोबाईल तं घरी सांगते!"

"अवं, डब्बा मी काल कपाटात ठेवला. एवढा महागाचा, कोणी चोरून नेला असता तं?"

काय बोलू या माणसाले? पोलीस चौकीत तक्रार द्यायले गेली तं साहेबांनी विचारलं, "ट्रॅकर होता ना?" मी म्हटलं, "आहे ना, कुलुपात आहे."

तुमच्या घरी असे शहाणे असतील तं आजच डब्बा तपासा. अन् निळी कॅराव्हॅन, मागच्या दारावर पिवळ्या अक्षरात 'गरम पोहे', नागझिरा, सडक अर्जुनीकडे कोणाले दिसली का? दिसली तं लगेच खाली लिहा. माझा मोबाईल अजूनही तिले घरीच दाखवून राहिला.