फाटक मागे लावून घ्या

मी दुसऱ्याच्या कामात नको तेवढं नाक खुपसते, हे आमच्या ब्लॉकमध्ये कुणालाही विचारा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तर ते फारच वाढलंय, असं आमचे निशिकांत म्हणतात. तर दादारावांच्या बाबतीत माझ्या या नाकानं जो घोळ घातला, तो मीच सांगितलेला बरा.

दादाराव आमच्याच मजल्यावर राहतात, चार दारं सोडून. इथे सिंगापुरात, बुकित बातोकला लेकीकडे, एकताकडे, येऊन त्यांना सहा वर्षं झाली. मूळचे अकोल्याचे. पण कुठले म्हणून विचारलं तर सांगणार, "हॅडली काउंटीचा." ही काउंटी, म्हणजे जिल्हाच, अमेरिकेत, नेब्रास्कात. शेतांना पाणी देणाऱ्या पंपांचे इंजिनिअर म्हणून तिथे त्यांची बावीस वर्षं गेली. आपल्या तीन ब्लॉकमध्ये राहतात तेवढी माणसं तिथे अख्ख्या काउंटीत. समोरून गाडी आली की ओळख असो नसो, स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, ही तिथली रीत. दादाराव इथे लिफ्टमध्येसुद्धा बोट उचलायचे. सुरुवातीला लोक मागे वळून बघायचे, हे कुणाला म्हणून.

त्यांची बायको बेबी तिथेच गेली. जानेवारीत, बर्फाच्या वादळात. चार दिवस रस्ते बंद, दहनाची सोय दोनशे मैलांवर. शेवटी शेजारच्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरनं वाट काढली, गोठलेल्या जमिनीवर कोळसे पेटवून ती मऊ केली आणि कुरणातल्या त्यांच्या जुन्या दफनभूमीत बेबीला जागा दिली. दादारावांनी एकट्यानं त्रिशरण-पंचशील म्हटलं. टोप्या काढून उभ्या राहिलेल्या त्या माणसांना त्यातलं एक अक्षर कळलं नसेल, पण संपेपर्यंत कुणी हललं नाही.

मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी तिथे सगळे आपापल्या गेलेल्या माणसांना फुलं वाहतात. दादारावांच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टर त्यांना एवढ्या लांबच्या विमानात बसू देत नाहीत. त्यामुळे तिथली शेजारीण डोरिस दरवर्षी बेबीच्या दगडाभोवतीचं गवत काढायची, टिनच्या डब्यात फुलं ठेवायची आणि फोटो पाठवायची. मागच्या ऑक्टोबरात डोरिसही गेली. तिचं घर विकलं. तेव्हाचे बाकीचे शेजारी आधीच गेलेले, त्यामुळे त्या कुरणात बेबी आहे हे माहीत असणारं कुणी उरलं नाही.

"दगड लहान आहे, ताई," दादाराव मला म्हणाले. "जमिनीलगत, आडवा. दोन उन्हाळे गवत वाढलं की दिसायचा नाही."

त्याच सुमारास कळलं की काउंटीला दीडशे वर्षं झाली म्हणून पुस्तक निघतंय. तिथे राहिलेल्या प्रत्येक कुटुंबाला एक पान, तीनशे शब्द. दादारावांना तेवढीच आशा. पुस्तक घराघरांत जाईल, कुणीतरी वाचेल, तिच्याकडे जाईल. आठ दिवस खपून त्यांनी इंग्रजीत लिहिलं आणि जरा बघून द्या म्हणून कागद माझ्याकडे दिला.

वाचून माझं डोकंच फिरलं. विलो क्रीक नावाचा ओढा कुठे वळतो. आधी तिथे पॉनी नावाचे मूळ आदिवासी शिकारीला यायचे, मग जर्मन शेतकरी आले. रेल्वे आली तशी गावं झाली, रेल्वे गेली तशी गावंही गेली. बंद पडलेल्या शाळेपासून उत्तरेला, लोखंडी पुलावरून पुढे, तिसऱ्या पवनचक्कीपाशी तारेचं फाटक. फाटक मागे लावून घ्या, नाहीतर गुरं आत शिरतात. बेबीचं नाव सगळ्यात मिळून एकदा.

"अहो, हा काय भूगोलाचा पेपर आहे?" मी म्हटलं. "वाचणाऱ्याला तिच्याबद्दल माया वाटली तर तो जाईल ना!"

"तुम्हाला जास्त कळतं," ते म्हणाले. हा माणूस वाद घालत नाही, हीच पंचाईत आहे.

मी बसले लिहायला. बेबीला मी कधी पाहिलेलं नाही. आपल्याकडे पेपरात गेलेल्या माणसाबद्दल जे छापून येतं तेच माझ्या हातून उतरलं. प्रेमळ, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल, सदा हसतमुख. शाळा, पूल, पवनचक्की, सगळं काढून टाकलं. फाटक तर पहिल्यांदा. आणि दिलं पाठवून.

एप्रिलमध्ये पुस्तक आलं. दादारावांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं.

"छान आहे," ते म्हणाले. "फक्त बेबी हसतमुख नव्हती. चिडकी होती." मग पुस्तक मिटून म्हणाले, "आणि ताई, हे वाचून तिच्यापर्यंत जाता येत नाही."

रागावले असते तर मी चार शब्द ऐकवून मोकळी झाले असते. पण ते चहा ठेवायला उठले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. अकलेचे तारे तोडले होते मी, दुसरं काय!

त्यांचा मूळ कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता. तो जसाच्या तसा टाइप केला आणि पुस्तक काढणाऱ्या बाईंना पाठवला. चूक माझी आहे, असं स्पष्ट लिहिलं. खाली माझ्याकडून एकच ओळ घातली: बेबी चिडकी होती आणि तिचा नवरा अजून तिच्यासाठी झुरतोय. बाईंचं उत्तर आलं की पुस्तकात आता बदल होणार नाही, पण गुरांचं खाद्य मिळतं त्या दुकानात सगळे सकाळी कॉफीला येतात, तिथल्या फळ्यावर कागद लावलाय. दादारावांना मी यातलं काही सांगितलं नाही. मी आधीच एकदा तोंडघशी पडले होते.

मेमधला तो सोमवार गेला. मंगळवारी काही नाही. बुधवारी सकाळी अनोळखी माणसाचा ईमेल आला, नऊ फोटो. मी केस विंचरायचे सोडून फोन घेऊन दादारावांकडे धावले.

पहिला फोटो शाळेचा. मग ओढा, लोखंडी पूल. दादाराव एकेका फोटोवर थांबत होते, पुढचा दाखवू देत नव्हते. एका फोटोत समोरून पिकअप येत होता. त्यांनी टेबलावरचं बोट उचललं. पवनचक्की झाली, दुसरी, तिसरी. मग दगड आला. भोवतालचं गवत काढलेलं, डब्यात पांढरी फुलं, बेबीचं नाव धुऊन स्वच्छ केलेलं. त्यांनी नावाला हात लावला तशी स्क्रीन सरकली आणि शेवटचा फोटो आला. तारेचं फाटक, बाहेरून टिपलेलं. खांबाला कडी नीट अडकवलेली.

"लावून घेतलं," दादाराव म्हणाले. "पार शेवटपर्यंत वाचलं त्यांनी."

मला रडू आवरेना, सांगायला लाज कसली. ते मात्र त्या फाटकाकडे बघत राहिले.

"गुरं आता आत यायची नाहीत," ते म्हणाले. "मीच तेवढा बाहेर राहिलो, ताई."