दिगंबर आठल्ये यांची बारावी तक्रार

दिगंबर आठल्ये कधी चिडत नसत. ते तक्रार नोंदवत. विद्यापीठाच्या सांख्यिकी विभागातून 2002 साली निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात त्यांना मनगटी घड्याळ मिळालं. ते दिवसाला चाळीस सेकंद मागे पडतं, हे त्यांनी तीन आठवड्यांच्या निरीक्षणांसह विभागप्रमुखांना लेखी कळवलं. विभागप्रमुखांनी दुसरं घड्याळ दिलं नाही, पण पोच दिली. आठल्यांना तेवढं पुरलं.

मूळचे वाईचे. आता दूर उत्तरेत, मनीमाजऱ्यात, हाउसिंग बोर्डाच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ते आणि पत्नी विनयाताई असे दोघंच राहत. मुलगी लग्न होऊन बंगलोरला. बाकी जे काही होतं ते म्हणजे महाराष्ट्र मंडळ. इस्पितळातले डॉक्टर, विद्यापीठातले प्राध्यापक आणि तीन वर्षांच्या बोलीवर आलेली फौजी कुटुंबं मिळून आम्ही ऐंशी घरं, आणि आठल्ये अकरा वर्षं आमचे सचिव. गणपतीची ट्रंक, समई, मंडळाचा शिक्का, सगळं त्यांच्या पलंगाखाली. सचिवपद हा त्यांचा मान होता असं म्हणणं कमी होईल. ते पद नसतं तर या गावात त्यांना नावानं हाक मारणारा, इंटरनेटची तार तपासायला येणारा एक बलकार सिंगच उरला असता, आणि तोही 'सरजी' म्हणे.

मंडळाची वेबसाइट त्यांनी 2000 साली स्वतः बांधली. पुण्याच्या भाच्यानं त्याच्या कंपनीच्या मशीनवर फुकट जागा दिली होती. साइट झाल्यावर आठल्यांनी नियम केला: यापुढे नोटीस फक्त वेबसाइटवर. फोन नाही, पोस्टकार्ड नाही. कुणी म्हणालं, "आठल्ये, आम्हाला कळलंच नाही हो कोजागिरीचं," तर ते शांतपणे सांगत, "साइटवर होतं. बघत चला." या एका वाक्यानं त्यांनी जितकी माणसं दुखावली, तितकी एखाद्याला शिव्या देऊनही दुखावता आली नसती.

2004 च्या सुरुवातीला घरी ब्रॉडबँड आलं आणि त्याच्याबरोबर बिघाड आला. इंटरनेटचं असं आहे की प्रत्येक साइटचा खरा पत्ता म्हणजे एक लांबलचक नंबर. आपण लिहितो ते नाव. आपला कंप्युटर दर वेळी इंटरनेट कंपनीच्या मशीनला विचारतो, या नावाचा नंबर काय? आठल्यांच्या कंपनीचं हे चौकशीचं मशीन दुपारी जेवायला जात असावं. एक ते चार कुठलंच नाव सापडत नसे. कंपनी खासगी होती, पण वेळा सरकारी.

आठल्यांनी लाल बांधणीचं रजिस्टर सुरू केलं. तारीख, वेळ, बिघाड, निदान, उपाय. पहिला खरा उपाय दिला तो विंग कमांडर हर्षवर्धन मोहित्यांनी. मोहिते साताऱ्याचे, हवाई दलात संदेशवहनाचं काम, वयानं वीस वर्षांनी लहान. दर शनिवारी संध्याकाळी आठल्यांकडे यायचे. विनयाताईंच्या हातच्या थालीपिठासाठी, असं ते उघड सांगत.

"दिगंबरराव, रोज दुसऱ्याच्या दारात जाऊन नंबर विचारायचा कशाला?" मोहिते म्हणाले. "मशीनच्या पोटात एक छोटी फाइल असते. तिच्यात आपल्या हातानं नंबर आणि नाव लिहून टाका. मग हा बाहेर विचारायलाच जात नाही."

"म्हणजे आपली खासगी डायरी."

"पक्का!"

आठल्यांनी फाइल उघडून एकच ओळ लिहिली, मंडळाच्या साइटची. रजिस्टरमध्ये नोंद केली: '14 फेब्रुवारी. उपाय कायमस्वरूपी.' पुढे कंपनीचं मशीन सुधारलं, पण ओळ राहिली. आणि ती ओळ आहे हे आठल्ये विसरले. औषधाच्या बाटलीवर कुणी रोगाचा संशय घेत नाही.

2005 चा मार्च. शिशुमेळाव्यात एका सात वर्षांच्या मुलीला आठल्यांनी मंचावरून खाली उतरवलं, कारण ती नाटुकल्यात 'मुझे नहीं पता' म्हणाली. मुलगी समजत होती मराठी, उत्तर देत होती हिंदीत, इथल्या सगळ्या मुलांसारखी. तिचे वडील मंडळाचे अध्यक्ष होते. साइटचं नावही त्यांच्याच नावावर नोंदलेलं होतं. एप्रिलमध्ये त्यांनी ते नाव भाच्याच्या मशीनवरून काढून दुसऱ्या, विकतच्या जागेवर नेलं. निळ्या रंगाची नवी साइट झाली. मेमध्ये खास सभेची नोटीस लागली. फक्त साइटवर, नियमाप्रमाणे. सभेत सचिव बदलले. डॉ. सुमेधा पाठारे नव्या सचिव. आठल्यांना कुणीतरी सांगायला हवं, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं, आणि म्हणून कुणीच सांगितलं नाही. आधी वाटलं, त्यांनी वाचलं असेल, रुसून आले नसतील. पुढे जूनमध्ये ते भेटले की गणेशोत्सवाबद्दल इतक्या उत्साहानं बोलायचे की सांगण्याची वेळ निघून गेली, हे आमच्या लक्षात आलं.

आठल्यांच्या कंप्युटरला यातलं काही कळलं नव्हतं. त्याला हातानं लिहून दिलेला नंबर पाठ होता. तो इमानानं पुण्याच्या जुन्या मशीनकडे जायचा, आणि तिथे जुनी साइट तशीच उभी होती. सचिव: दि. वि. आठल्ये. ते तिथे नोटिसा चढवत. 'मोदक स्पर्धेसाठी नावे द्यावीत.' नोटीस आपल्या पडद्यावर दिसली की समाधानानं बंद करत. वाचक एक. नाव एकही आलं नाही. रजिस्टरच्या शेवटच्या पानावर त्यांनी शेरा मारला, 'सदस्यांचा प्रतिसाद थंड.'

भाच्यानं कंपनी सोडली होती आणि ते जुनं मशीन आता अधूनमधून बंद पडे. मग आठल्यांच्या पडद्यावर पांढरं पान यायचं: सर्व्हर सापडत नाही किंवा डीएनएसची चूक. आठल्यांनी त्यातला दुसरा अर्धा भाग, म्हणजे चौकशीच्या मशीनची चूक, एवढाच धरला आणि इंटरनेट कंपनीवर तक्रारी सुरू केल्या. दोन महिन्यांत अकरा. प्रत्येक तक्रारीला कंपनीचा बलकार सिंग सायकलवरून यायचा, तार तपासायचा, चार साइट उघडून दाखवायचा.

"सरजी, सारी दुनिया खुल रही है, इक तुहाडी साइट ही नहीं खुलदी."

"तो दोष किसका है?"

"दोष साइट का है जी. लाइन तो मेरी ए-वन है."

आठल्ये लिहीत: 'कर्मचारी उडवाउडवीची उत्तरे देतो.' अकराव्या तक्रारीनंतर बलकारचा एक दिवसाचा पगार कापला गेला. त्यानं ते सांगितलं नाही. साहेबानं सांगितलं, आठल्यांचं समाधान व्हावं म्हणून.

मोहितेही दोनदा बघून गेले. 2 जुलैला तास-दीड तास बसले. म्हणाले, "काही सापडत नाही, दिगंबरराव. कंपनीच भिकार आहे. तुम्ही सोडू नका त्यांना."

आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, बारावी तक्रार अर्धी लिहून झालेली असताना, बलकार सिंग न बोलावता आला. दारातच उभा राहिला.

"सरजी, ट्रेनिंग में बताया था. आपने कहीं अपने हाथ से तो नंबर नहीं लिख रखा मशीन में?"

"मैंने कुछ गलत नहीं लिखा."

"गलत नहीं जी. पुराना."

त्याला दारातूनच वाटेला लावून आठल्यांनी ती फाइल शोधली. तक्रारीला पुरावा म्हणून जोडायचा विचार होता. फाइलीत त्यांची एक ओळ होती, जशीच्या तशी. पण फाइलीच्या नावापुढे शेवटच्या बदलाची तारीख होती. तिथे 14 फेब्रुवारी 2004 असायला हवं होतं. होतं 2 जुलै 2005, संध्याकाळचे 6.52.

सांख्यिकीच्या माणसाला एवढं पुरे. त्यांनी रजिस्टर उघडलं. '2 जुलै. मोहिते आले 6.30. मी समोसे आणण्यास बाजारात 6.40 ते 7.05. निदान: कंपनीचा दोष.'

त्यांनी ओळीच्या आधी हॅशचं चिन्ह टाकलं. म्हणजे ओळ राहते, पण मशीन ती वाचत नाही. फाइल जतन केली, साइट पुन्हा उघडली. निळी साइट आली. सचिव: डॉ. सुमेधा पाठारे. खाली खास सभेचा वृत्तान्त. 'ठरावास अनुमोदन: विं. क. हर्षवर्धन मोहिते.'

मोहित्यांनी 6.52 च्या आत हेच केलं होतं. चिन्ह टाकलं, निळी साइट पाहिली, चिन्ह पुसलं आणि समोशांची वाट बघत बसले.

विनयाताई पोळ्या करत होत्या. आठल्ये ओट्यापाशी गेले.

"तुला कधी कळलं?"

लाटणं थांबलं. काय, हे त्यांनी विचारलं नाही. "सभेला होते मी."

"मला म्हणालीस, भिशी आहे."

"भिशीच होती हो. नंतर सभा झाली."

"हात वर केलास?"

"चहाचा ट्रे होता हातात. दोन्ही हात अडकले होते."

"आणि तीन महिने?"

"अहो, तुम्ही त्या पडद्यापुढे बसून हसत होतात. मला वाटलं, बिघडलेलंच राहू दे."

शनिवारी मोहिते आले. टेबलावर कंप्युटर चालू होता, निळी साइट उघडी. शेजारी रजिस्टर, 2 जुलैच्या पानावर पेन्सिल ठेवलेली. मोहिते उभेच राहिले.

"दिगंबरराव, ऐका. मी सांगणार होतो."

"6.52 ला?"

"तुम्ही समोसे घेऊन इतके खुशीत आलात. मोदक स्पर्धेचं बोलायला लागलात. धीर झाला नाही मला."

"अनुमोदनाला झाला."

"ठराव होणारच होता. कुणीतरी हात वर करायचा होता."

"ते ठीक. सचिव बदलतात. पण तुम्ही चिन्ह पुसलंत, मोहिते." आठल्यांचा आवाज कचेरीत असे तसाच होता. "आणि मला त्या सरदारावर सोडलंत. 'सोडू नका त्यांना,' म्हणालात. तुमची तीन वर्षं भरतील, तुम्ही जोधपूरला नाहीतर तेजपूरला जाल. मी आहे इथं. मला त्याच रस्त्यानं भाजी आणायची आहे."

विनयाताईंनी आतून विचारलं, "भाऊजी, थालीपीठ टाकू ना?"

मग आठल्यांनी पलंगाखालून ट्रंक ओढली, समई आणि शिक्का वर ठेवला, आणि मोहित्यांपुढे कागद सरकवला. पावती तयार होती, वस्तूंच्या यादीसह. मोहित्यांनी सही केली, ट्रंक एकट्यानं उचलून जिना उतरले. आठल्ये दारापर्यंत गेले नाहीत.

बारावी तक्रार त्यांनी फाडली नाही. तिच्या पाठीवरच नवं पत्र लिहिलं, कंपनीच्या साहेबांना: मागील अकरा तक्रारी मी मागे घेत आहे; दोष माझ्या घरातील होता; बलकार सिंग यांनी पहिल्या भेटीपासून खरे सांगितले, तरी कापलेला पगार परत करावा. पोच मिळावी.

पत्र ते स्वतः घेऊन गेले. बलकार कार्यालयाबाहेर सायकलला टेकून चहा पीत होता. आठल्यांनी पत्र आधी त्याला वाचून दाखवलं, मराठीतून हिंदी करत. 'दोष माझ्या घरातील' या जागी ते जरा अडखळले.

"सरजी, घर में क्या खराब था?"

"कुछ नहीं. लाइन ठीक थी."

"मैं तो पहले दिन ही बोल्या सी."

"हां," आठल्ये म्हणाले. "आप अकेले ही बोले."

त्या वर्षीच्या गणपतीला विनयाताई आल्या, आठल्ये आले नाहीत. आरतीच्या वेळी मोहिते समई पेटवत होते. त्यांनी विनयाताईंकडे पाहिलं नाही, आणि आम्ही कुणी एकमेकांकडे.