निळ्याचा फोटो

जालन्याच्या दवाखान्यात कमल माझ्याशी शेवटचं बोलली ती पाखरांवरच. नाकाला नळी, बोलायला दम पुरत नव्हता. मला खुणेनंच खाली वाकायला सांगितलं. मला वाटलं, सुनेचं काही सांगते की काय. मी लगेच कान पुढं केला, अशा बाबतीत मी कधी मागं नसते. तर म्हणाली, "अक्का, निळ्याचा फोटो राह्यलाच की..." दुसऱ्या दिवशी पहाटे जालन्याहून फोन आला. त्याला आता दीड महिना होईल.

कमल माझी धाकटी जाऊ. मंठ्याला आमची दोन्ही घरं एकाच अंगणात. लेक सासरी गेल्यावर घर सुनं वाटतं म्हणून तिनं पाखरं आणली. दुकानदार त्यांना लव्हबर्ड म्हणून विकतो. असतात आपले चिमुकले रंगीत पोपट. त्यातला निळ्या त्याच्या आईनं टाकलेला. कमलनं त्याला चमच्यानं भरवून वाढवलं. ती भाकरी थापायची आणि हा तिच्या खांद्यावर. मग तिला खोकल्यानं धरलं. डॉक्टर म्हणाले, पिसांची धूळ छातीत जाते, पाखरं देऊन टाका. ती देईना आणि खोकला थांबेना. शेवटी तिच्या लेकानं, सुनीलनं, ओसरीचा कोपरा काचेनं बंद केला. गावातलं एक मिठाईचं दुकान मोडलं होतं, त्याची काच. पाखरं आत, कमल बाहेर, आणि दाणापाणी माझ्या गळ्यात.

हात लावता येईना, म्हणून ती मोबाईलवर फोटो काढायला लागली. पण काचेत उमटलेलं अंगणच फोटोत पाखरांच्या आधी यायचं. दोरीवरचे कपडे, सुनीलची मोटारसायकल, मधोमध आम्ही दोघी म्हाताऱ्या. तिनंच शोधून काढलं, की मागं काळं कापड धरलं आणि मोबाईल काचेला टेकवला की अंगण गायब होतं. काळं कापड म्हणजे माझी पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा. ही नेसून मी नवी नवरी गल्लीभर मिरवले होते. बाया वळून वळून बघत होत्या आणि माझी मान आणखी ताठ. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, साडी उलटी नेसलीस. अशी मी रूपवती! तीच साडी दोन्ही हातांत ताणून मी कमलच्या मागं उभी राहायची. ती स्टुलावर बसून काचेवर नखानं टकटक करायची. सगळी पाखरं तिच्या तोंडासमोर येऊन बसायची. निळ्या तेवढा वरच्या कोपऱ्यात, पाठ करून. काच लागली तेव्हापासूनचा रुसलेला.

"हात भरून आले माझे," मी म्हणायची. "जावई हाय का हा, इतकं मनवायला?"

"थांबा की अक्का, वळून राह्यला."

तो काही वळायचा नाही. तिच्या मोबाईलमध्ये त्याच्या पाठीचेच फोटो. एकदा हळूच म्हणाली, "त्याला वाटत असंल, मी बी टाकलं त्याला." एरवी माझ्या जिभेला हाड नाही, पण तेव्हा मी नुसती साडी आणखी ताणून धरली. मागं साडीनं उजेड अडल्यानं काचेत तिचं तोंड दिसत नव्हतं, ते बरंच झालं...

तेरावं झाल्यावर सुनीलनं विचारलं, "मोठ्याई, पाखरं देऊन टाकू का? आता बघायला कोण हाय?" मी म्हटलं, थांब जरा. दुपारी चंद्रकळा काढली आणि नेहमीच्या जागी ताणून उभी राहिले. स्टूल तिथंच होतं. हात गुंतलेले, त्यामुळं टकटक कोण करणार? तरी सगळी आली. खाली, काचेला लागून, कमल बसायची त्या उंचीवर. माझ्याकडं एकानंही वर पाहिलं नाही. मग कोपऱ्यातून निळ्या उतरला. काचेला चोच टेकवून, मान वाकडी करून रिकाम्या स्टुलाकडं बघत राहिला. अगदी तिला हवा होता तसा, समोरून.

सुनील दारात येऊन उभा होता. मी त्याला एवढंच म्हटलं, पाखरं इथंच राहतील, आणि ते स्टूल हलवू नको.

हात भरून आले होते. साडी काही खाली करवेना.