दोघांनी एकदम

"दोघांनी एकदम, मेजर," असं म्हणून तो हातातला डबा छातीशी धरून उभा राहायचा. इथे परदेशात, टार्निट नावाच्या उपनगरात, आमच्या आणि या शेजाऱ्याच्या घराच्या मधे कमरेएवढी बुटकी भिंत आहे. तिच्या एका टोकाशी मी, दुसऱ्या टोकाशी तो. मी डबा भिंतीवर टेकवला, की त्याच क्षणी त्याचा डबा टेकायचा. मग दोघंही मागे सरायचो आणि टोकं बदलून एकमेकांचा डबा उचलायचो. लॉकडाउनचे दिवस होते. अंतर चुकू नये म्हणून त्याने दोन्ही बाजूंना एकेक वीट ठेवली होती.

मुलगा वरच्या खिडकीतून हसायचा. "बाबा, कैद्यांची अदलाबदल चाललीय का?"

त्याच्या डब्यात शेंगदाण्याच्या कुटातली भेंडी असे, माझ्या डब्यात शेंगदाण्याची चटणी. "एकाच शेंगेची माणसं आपण," असं तो म्हणायचा.

हातातली वस्तू आधी खाली ठेवायची नाही, हा त्याचा नेमच होता. लॉकडाउनच्या आधी चहाला आला, तर मी कप ठेवेपर्यंत त्याचा कप हातात. राउंडअबाउटला समोरची गाडी थांबली की हाही थांबायचा. त्याची बायको वैतागायची. "मेजर, याला समजवा. दोघं एकदम निघाले तर अ‍ॅक्सिडेंट होतो!" तो खो खो हसायचा. दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच माणूस, हसताना पोरासारखा दिसायचा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपण त्यांच्या लकबी सांगून चार लोकांना हसवतो. ही लकब कुठून आली, ते मला ठाऊक होतं. त्याच्या बायकोला माहीत नसेल इतकं ठाऊक होतं. तेच आज लिहायला बसलो आहे.

आफ्रिकेतल्या ज्या देशातून तो आला, तिथे यादवी संपल्यावर शांततेचा करार झाला. करार कागदावर उत्तम होता. नदीच्या दोन तीरांवरच्या दोन्ही गटांनी एकाच दिवशी, एकाच तासाला बंदुका खाली ठेवायच्या. दोन्हीकडे परदेशी निरीक्षक उभे राहतील, डोळ्यांनी पाहतील, तसं लिहून देतील, आणि ते दोन्ही कागद दोन्ही तीरांवर वाचून दाखवले जातील. मग बंदुका जमा करून कायमच्या कुलपात. सैन्यातून निवृत्त झाल्यावर मी त्या निरीक्षकांत होतो. पलीकडचा तीर माझ्याकडे होता.

तारीख तीनदा पुढे गेली होती. आणखी एकदा गेली तर बोलणी मोडतील, असं वरून बजावलं होतं. ठरल्या दिवशी पुराने रस्ता वाहून गेला. मी अलीकडच्या तीरावरच अडकलो. तिथल्या कमांडरने वायरलेसवर सांगितलं, "सगळ्या ठेवल्या, साहेब. ढीग समोर आहे." अहवालात दोन रकाने होते: 'कळवण्यात आले' आणि 'प्रत्यक्ष पाहिले'. पहिल्यात खूण केली असती, तर सगळं थांबलं असतं. मी दुसऱ्यात केली. रस्ता दोन दिवसांत होईल, तेव्हा जाऊन पाहून येऊ, असं मनाशी म्हटलं.

रस्ता व्हायच्या आत पलीकडचे लोक होड्यांतून आले. या तीरावर तेव्हा काठ्यांखेरीज काही नव्हतं.

टार्निटला राहायला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी शेजाऱ्याने गावाचं नाव सांगितलं. होड्या ज्या तीरावर आल्या, त्याच तीरावरचं गाव. मी म्हणालो, "कधी ऐकलं नाही." मी सैन्यात होतो एवढं मुलाने त्याला सांगितलं होतं. पुढचं मी कुणाला सांगितलं नव्हतं, मुलालाही नाही.

बंदूक जमा केल्याची पावती त्याने लॅमिनेट करून ठेवली होती. एकदा भिंतीवर ठेवून दाखवली. "मी रांगेत पहिला होतो, मेजर. मोठा भाऊ नको म्हणत होता. मी त्याला म्हटलं, कागद आलाय, पलीकडच्यांनीही ठेवल्यात." भाऊ त्या होड्यांच्या दिवशी गेला. एवढं सांगून त्याने पावती शर्टाने पुसली आणि खिशात घातली.

दुसऱ्या लॉकडाउनमध्ये तो एक फॉर्म घेऊन आला. करारातलं एक कलम इतक्या वर्षांनी जागं झालं होतं. परदेशी गेलेल्या लोकांच्याही साक्षी नोंदवायच्या होत्या.

"दुपारी, आर्वोला, वेळ आहे का, मेजर? तुझं इंग्लिश सरकारी आहे. तू लिही."

तो त्याच्या विटेमागे उभा राहून सांगत होता, मी माझ्या विटेमागे खुर्चीत बसून लिहीत होतो. दोघांच्या तोंडाला मास्क. शेवटच्या पानावर प्रश्न होता : पलीकडे शस्त्रं खाली ठेवली गेल्याचं आपल्याला कोणाकडून कळलं?

"परदेशी अधिकाऱ्याच्या कागदावरून," तो म्हणाला. "नाव कुणी सांगितलं नाही. तू सैन्यातला माणूस. कोण असेल रे तो?"

पेन हातात होतं. मास्कमुळे माझं तोंड त्याला दिसत नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मग तेच लिही."

मी लिहिलं. नावाच्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात : माहीत नाही. त्याने खाली सही केली आणि पेन परत देताना म्हणाला, "नो वरीज, मेजर. तुझा काय दोष?"

तो एका वृद्धाश्रमात सफाईचं काम करायचा. तिथे साथ शिरली. अर्धे लोक कामावर यायचे थांबले, तो जात राहिला. "म्हातारे कुठे जाणार?" म्हणायचा. एका सकाळी अँब्युलन्स आली. जाताना त्याने माझ्या खिडकीकडे पाहून हात वर केला. मीही केला. अंत्यविधीला दहाच माणसं चालणार होती. मी स्क्रीनवर पाहिला. मधेच चित्र अडकलं.

नंतर मी त्या साक्षीच्या कार्यालयाला लिहिलं, की त्या रकान्यात माझं नाव घाला. उत्तर आलं : साक्षीत बदल करायला साक्षीदाराची संमती लागते. आपली साक्ष वेगळी द्यावी, मात्र कार्यालयाचं काम पुढील सूचनेपर्यंत बंद आहे.

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, आता त्याच्या बायकोला सांगून काय होणार? शी हॅज लॉस्ट एनफ."

कदाचित त्याचं बरोबर असेल. पण त्या अहवालाच्या वेळीही मला असंच एक बरोबर कारण सापडलं होतं.

हेच सगळं इंग्रजीत लिहून, खाली पूर्ण नाव घालून, मी आज सकाळी पाकीट भिंतीच्या त्याच्या टोकाला ठेवलं. वाऱ्याने उडू नये म्हणून वर चटणीचा डबा ठेवला आणि माझ्या विटेमागे येऊन उभा राहिलो. पलीकडच्या विटेभोवती गवत वाढलं आहे.

दार उघडलं. त्याची बायको बाहेर आली. तिचे दोन्ही हात रिकामे होते.